हंडा डोक्यावर, ट्रंपेट तोंडाला

"बाई, तुमचा बँड उभा असला की वाजतो अन् चालायला लागला की रडतो. असं कसं?"

नवरदेवाचे मामा माझ्या ट्रंपेटकडे बोट दाखवून विचारत होते. मागे घोड्यावर नवरदेव, पुढे नाचायला आलेली वीस-पंचवीस पोरं, आणि मध्ये आम्ही अकरा बायका. सेलू तालुक्यातल्या एका गावात परण्या निघाला होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, ती मिरवणूक. आमच्या बायकांच्या बँडची ही पहिलीच सुपारी. तीही नवरीने हट्ट धरला म्हणून मिळालेली.

मामा मोठे सावध. त्यांनी स्टेपनी म्हणून पुरुषांचा एक बँड सांगून ठेवला होता. तो पूर्ण युनिफॉर्ममध्ये देवगाव फाट्यावर चहा पीत बसला होता.

"त्या पिंपळापर्यंत बघतो," मामा म्हणाले. "न्हाई जमलं तर फाट्यावर फोन लावतो. राग मानू नका."

तो फोन गेला असता तर जिल्हाभर एकच बोभाटा झाला असता, बायकांना बँड झेपत नाही. मग कोण बोलावतंय? वडिलांच्या बँडची वाद्यं मी माळ्यावरून काढून चिंच लावून घासली होती. ती परत माळ्यावर गेली असती.

भानगड अशी होती. ट्रंपेटला माउथपीस असतो, म्हणजे फुंकायची छोटी वाटी. ती ओठावर घट्ट बसली तरच सूर लागतो. चालताना पाऊल आपटलं की वाटी हलते आणि सूर घसरतो. दातावर आपटते ते वेगळंच. पुरुष बँडवाले लहानपणापासून रस्त्यावर शिकतात, त्यांना हे सांगावं लागत नाही. आम्ही सहा महिने तालीम केली ती माझ्या घरात, दार लावून, सतरंजीवर बसून. बाहेर केली असती तर बघ्यांची जत्रा भरली असती. चोवीस गाणी पाठ होती आणि चालत एकही वाजवलं नव्हतं. मास्तर मी, तेव्हा चूकही माझीच.

"हळू चला," मी सांगितलं. हळू चाललो तर झोपलेला बँड वाटायला लागला. "मोठी पावलं टाका," म्हटलं, तर शबानाचा साइड ड्रम गुडघ्यावर आपटून भलताच ताल देऊ लागला.

पिंपळ वीस पावलांवर आला. युफोनियमवाली कमल थांबली. युफोनियम म्हणजे पोटाशी धरायचं जाडजूड पितळी वाद्य. तिचा ओठ फुटला होता.

"बाई, दोन हंडे डोक्यावर घेऊन रोज हिरीवरून येते मी. एक थेंब सांडत न्हाई. अन् हे एवढं सांभाळंना!"

मी मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगितलं.

"बायांनो, वाद्य विसरा! डोक्यावर दोन भरले हंडे हायत. थेंब सांडायचा न्हाई. चला!"

अकरा माना ताठ झाल्या. गुडघे सैल पडले, पाय जमिनीसरसे सरकू लागले. आणि सूर बसला! मामांनी मोबाइल खिशात टाकला. मला रडू येत होतं, पण ट्रंपेट वाजवताना रडता येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. डोक्यावर भरला हंडा असताना बाई रमतगमत चालत नाही. ती तडक घर गाठते.

नाचणारी पोरं मागे पडली. एकजण रस्त्यात आडवा पडून नागीण डान्स करत होता, त्याला आम्ही वळसा घातला. तो उठला तेव्हा परण्या दोन गल्ल्या पुढे होता. घोडेवाला लगाम धरून पळत होता आणि नवरदेव दोन्ही हातांनी फेटा धरून बसला होता.

"ओ बाई, थांबा की!" मामा धापा टाकत ओरडले. "पोरांना नाचू तर द्या!"

"थांबता येत न्हाई मामा, हंडा भरलेला हाय!"

मामांना काही कळलं नाही. मारुती करून आम्ही मांडवात पोहोचलो तेव्हा मुहूर्ताला पाऊण तास होता. भटजींचा पत्ता नव्हता. आचारी हातात झारा घेऊन धावत आला. "एवढ्या लवकर कुठं आलात? भात चढायचाय अजून!"

लग्न मुहूर्तावर लागलं. नवरीचे वडील माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, ही माझी चौथी पोरगी. घड्याळात बघून अक्षदा टाकल्या त्या आजच."

पोरं रुसली होती आणि मामांनी फाट्यावर फोन लावलाच. जेवायला या म्हणून. ते बँडवाले युनिफॉर्ममध्येच पंगतीला बसले. त्यांचे मास्तर हळूच माझ्याजवळ आले. "एवढं पळालात म्हणे, तरी सूर हलला न्हाई. कुठं शिकलात?"

"हिरीवर," मी म्हटलं. त्यांना ती थट्टा वाटली.

त्यानंतर आम्हाला सुपाऱ्या आल्या त्या बहुतेक मुलींच्या वडिलांच्या. नाचणारी पोरं अजूनही आमचं नाव काढत नाहीत. आता नवी बाई बँडमध्ये यायची म्हटली की मी सुरांचं नंतर बघते. आधी विचारते, घरी नळ आहे का? असला तरी घेते तिला. फक्त शिकवायला दोन महिने जास्त लागतात.