आईसकांडी विकायला गेलो तेव्हा

बाबांना ताप आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. अड्याळहून आणलेल्या आईसकांड्या विरघळून वाया जाऊ नयेत म्हणून बर्फाची पेटी सायकलला बांधून मीच आसगावला निघालो. पण बाबांसारखं गल्लीत ओरडायची मला लाज वाटली. म्हणून पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात दारोदार जाऊन मी नम्रपणे विचारू लागलो, “घरात लहान मुलं किती आहेत?”

दारं धडाधड बंद झाली. आतून पोरांचं रडणं ऐकू आलं. इकडे पेटीतून नारिंगी पाणी गळायला लागलं. शेवटी काही सुचेना, तेव्हा मी एक कांडी काढून रस्त्यातच चोखू लागलो.

समोरच्या दाराच्या फटीतून एक बाई म्हणाली, “तू सुई टोचाले नाही आला का रे? ते बी अशीच पेटी आणतेत अन् पोट्टे मोजतेत.”

“नाही मावशी, मी कांड्या विकून राहिलो.”

“मंग बोंबल ना, बाबू!”

मी डोळे मिटून ओरडलो. आवाज चिरकला, पण दारं उघडली. उरलेल्या सगळ्या कांड्या खपल्या. मावशीनं मात्र घेण्याआधी पेटीत वाकून सुई नाही ना, हे स्वतः पाहिलं.