रेसमध्ये थांबायचं नसतं!

दोन मोटारसायकलवाले एकत्र बसले की तिसऱ्याची गाडी दुरुस्त होईपर्यंत किस्से संपत नाहीत. ही पन्नास सालानंतरची अंधेरी. स्टेशनजवळच्या गॅरेजसमोर दर रविवारी आमचा अड्डा. मिलिटरीने मोडीत काढलेल्या गाड्या घ्यायच्या आणि मरमर करून चालत्या करायच्या, असे आम्ही सगळे! बाकीचे हे किस्से हसत हसत सांगतात. माझं मात्र अजून टाळकं सटकतं.

कारण मनोहर! जुहूच्या विमानपट्टीवरच्या रेसचा चॅम्पियन. वडिलांनी घेऊन दिलेली कोरी विलायती गाडी, गळ्यात रेशमी रुमाल. "रस्त्यावर काय, कुणीही चालवतं रे! खरं रायडिंग ट्रॅकवर!" हे दर रविवारी ऐकायचं. आणि सुनावायचा कुणाला, तर वसंताला.

वसंता जोगेश्वरीचा, मूळचा मालवणी. स्टुडिओतून फिल्मचे डबे मोटारसायकलवर बांधून रोज दादरच्या लॅबोरेटरीत पोचवायचा. बैलगाड्या, म्हशी, खड्डे, सगळं चुकवत! एकदा तरी त्या पट्टीवर मोठी रेस धावायची, एवढं एकच वेड त्याच्या डोक्यात होतं.

*

एकदा अंधेरीच्या रेल्वे फाटकात दोघंही अडकले. फाटक उघडलं. समोर हातगाडी, बकऱ्या आणि मासळीची पाटी खाली टेकवून उभी असलेली कोळीण. वसंता पाय न टेकता, माणसाच्या चालीने गर्दीतून आरामात बाहेर पडला. मनोहरला हळू चालवताच येईना! डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि गाडीसकट अलगद पाटीवर गेला.

मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "मेल्या, डोळे कुठं ठेवलेस?"

"बाई, ही रेसिंगची गाडी आहे!"

"मग माझ्या पापलेटावर कशाला घातलीस?"

माफी मागायचं नाव नाही त्याच्या तोंडी! रुमाल झटकून चालू पडला. मासे वेचले वसंताने.

*

वसंताला एकदाची नवशिक्यांच्या रेसमध्ये एन्ट्री मिळाली. पहिलं वळण आलं आणि पठ्ठ्याने सवयीने हात बाहेर काढून दाखवला! पुढच्याला ओलांडताना हॉर्नही वाजवला! लोक हसून लोळले.

मनोहर ओरडला, "अरे येड्या, इथे हात कुणाला दाखवतोस?"

"मागून येतत त्येंका!"

हसा हसा! पण अर्धी रेस एका हाताने चालवून हा माणूस तिसरा आला होता. ते कुणी बोललं नाही.

*

पुढच्या रेसमध्ये वसंता सगळ्यांच्या पुढे होता. एक फेरी मागे पडलेला एक गडी त्याच्या समोरच घसरला आणि त्याचा पाय गाडीखाली अडकला. वसंता थांबला. गाडी उचलली, त्याला बाजूला बसवलं. तोवर बाकीचे सगळे भुर्रकन निघून गेले.

रेस ठरवणाऱ्या मंडळींत मनोहरचं वजन होतं. सगळ्यांसमोर म्हणाला, "रेसमध्ये थांबायचं नसतं! ज्याला थांबायचंय त्याने दुधाच्या रतिबावर जावं!"

मोठ्या रेसच्या यादीतून वसंताचं नाव त्याने काढायला लावलं आणि त्याला राखीव ठेवला. म्हणजे कुणी आलाच नाही तर ह्याला घ्यायचं! मी त्या दिवशी मनोहरची गचांडी धरणार होतो. वसंतानेच मला आवरलं.

*

आणि माझीच गोष्ट घ्या. घोडबंदर रोडला, जोगेश्वरीच्या पुढे माझा टायर फुटला. मी थेट भाताच्या शेतात! मागून मनोहर येताना दिसला. मी दोन्ही हात हलवले. त्याने मान खाली घातली आणि सुसाट निघून गेला.

संध्याकाळी अड्ड्यावर विचारलं, "मी दिसलो नाही तुला?"

"दिसलास की! काय झकास पडलास यार! पण मी घड्याळ लावून टाइम काढत होतो ना."

नालायक!

*

मोठ्या रेसची सकाळ. मी तेव्हा वाकोल्याला राहायचो. वसंता मला घ्यायला आला, आम्ही आपापल्या गाड्यांवर जुहूला निघालो. जागा मिळायची आशा नव्हतीच, पण गाडी त्याने रात्रीच पुसून ठेवली होती.

वाटेत एका वळणावर म्हशी आडव्या होत्या आणि शेजारच्या गटारात मनोहर! ट्रॅकवरच्यासारखा वळायला गेला होता. हँडल वाकडं, मनगट सुजून टम्म.

मी बोंबललो, "वसंता, थांबू नकोस! हा पोचला नाही तर जागा तुझी!"

मनोहर खालून ओरडला, "वसंता, थांब रे! असा सोडून जाऊ नकोस!"

वसंताने ब्रेक मारला. "रेसमधी थांबूचा नसता ना?"

"अरे, ही काय रेस आहे? रस्ता आहे हा! माणूस पडलाय इथे!"

वसंता उतरला. त्याला बाहेर ओढला, त्याच्याच रेशमी रुमालाने हात गळ्यात बांधला आणि मागच्या सीटवर बसवला. मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती!

सीटवर बसल्या बसल्या चॅम्पियनला कंठ फुटला. "आता जुहूला घे! तुझीच गाडी दे मला, एका हाताने चालवीन! लवकर कर ना, सुरू होईल!"

वसंताने मागे वळून बघितलं.

"रेस नाय ना ही? मगे घाई कित्याक?"

पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली, हात बाहेर काढून नीट दाखवला आणि डॉक्टरच्या गल्लीत वळला.