नागपंचमीची मेंदी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तिला तर मी चोरून खाल्लेल्या भज्यांचीसुद्धा कबुली देतो! चांद्याकडची, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडची, चार म्हातारी माणसं भेटली, की अजून म्हणतात, "बाबू गरिबासाठी कोर्टात गेले होते जी." मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, माणूस किती नम्र आहे. नम्र कसला, बाप्पा!

कोर्टात गेलो होतो हे खरं. पण तेवढंच खरं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चांद्याजवळ एका शेठजींचा लाखेचा कारखाना होता, तिथे मी हजेरीबाबू. पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख रानातून यायची. बाया ती दगडी टाक्यांत चोळून चोळून धुवायच्या आणि पुरुष ती भट्टीवर वितळवायचे. धुताना पाणी लालभडक व्हायचं, बायांचे हात कोपरापर्यंत रंगायचे. राख लावा, माती लावा, तो रंग हटत नसे.

त्या बायांत एक यशोदा होती. माझ्याच गावची, म्हणून मला भाऊ म्हणायची. उन्हाळ्यात माझ्यासाठी पदरात टेंबरं, तेंदूची पिकली फळं, घेऊन यायची, आणि मी ती टेबलाखाली लपवून खायचो, बाबूची शान जाऊ नये म्हणून. असा मी. दोन वर्षांपासून ती खोकत होती. डॉक्टरनं सांगितलं, छातीचा रोग आहे, नागपूरला मोठ्या दवाखान्यात सहा महिने राहावं लागेल. राहणार कशी? कामावर आली नाही तर घरी चूल पेटायची नाही.

त्याच सुमारास कामगारांच्या विम्याचा कायदा आमच्या भागात लागू होणार म्हणून नोटीस आली. ती मीच वाचून दाखवली, टाकीच्या काठावर उभा राहून, मोठ्या ऐटीत. आजारी पडलं तर औषधपाणी फुकट, दवाखाना फुकट, वर घरी बसून अर्धी मजुरी. बाया हसायला लागल्या, त्यांना पटेचना. यशोदा तेवढी हसली नाही. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी विचारायची, "भाऊ, कायदा कवा लागते जी?"

शेठजींनी कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं, हंगामी कारखान्याला हा कायदा लागत नाही, आणि लाखेचं काम हंगामी, पावसाळ्यात कारखाना बंद असतो. बंद? आमची भट्टी बारा महिने पेटलेली असायची! हजेरी घेणारा मी, माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक?

खरंच काम बंद असतं का, ते पाहायला श्रावणात नागपूरहून इन्स्पेक्टर येणार होता. शेठजींच्या मुनीमजींना आदल्या दिवशीच कुणकुण लागली. भट्टी विझवली, माल कुलपात घातला. पण बाया आठवड्याच्या मजुरीसाठी अंगणात बसलेल्या, आणि साहेब ठरल्या वेळेआधीच येऊन थडकला. त्यानं सरळ बायांचे हात पाहिले. विचारलं, "हा रंग कशाचा?"

मुनीमजींच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मी — कुणी सांगितलं नव्हतं हो, आपणहून — पुढे झालो. म्हणालो, "साहेब, नागपंचमी झाली ना परवा. मेंदी आहे."

"कोपरापर्यंत?"

"इकडची रीत आहे साहेब."

अशी रीत कुठेच नव्हती. साहेबानं यशोदेकडे पाहिलं. यशोदेनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "हो म्हण, आपल्याच भल्याचं हाय." ती म्हणाली, "होय जी साहेब, मेंदीच होय." म्हणताना तिला खोकल्याची उबळ आली.

तुम्ही विचाराल, शेठजींनी धमकी दिली होती का? छे. नोकरी जाणार होती? तसंही नाही. मग काऊन? आजवर हजारदा विचारलं स्वतःला. त्या संध्याकाळी शेठजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबू, साक्षीला माझ्या मोटारीतून चला." बस, एवढंच. सगळ्या गावादेखत मोटारीत शेठजींच्या शेजारी बसून गेलो. बाया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, हात हलवत होत्या. मीही हलवला. लाज वाटते हो सांगताना, मला फार आनंद झाला होता.

नागपूरच्या कोर्टात शपथ घेऊन सांगितलं — पावसाळ्यात काम बंद असतं, बायांच्या हातांवर मेंदी होती. निकाल शेठजींच्या बाजूनं लागला. आमच्या कारखान्याला कायदा लागला नाही.

परत आलो तर यशोदा फाटकाशी उभी. "का झालं जी भाऊ?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी म्हणालो, "सरकारनंच नाई म्हटलं."

ती मलाच समजवायला लागली. "जाऊ द्या जी भाऊ, जिवाले लावून घेऊ नका. तुम्ही आमच्यासाठी नागपूरपर्यंत गेले, हेच लय झालं."

आमच्यासाठी! कायदा वाचून दाखवणारा मीच, म्हणून बायांना वाटलं होतं, मी त्यांच्या बाजूनं बोलायला गेलो. म्हणून तर त्या हात हलवत होत्या. ऐकलं, आणि मी तोंड मिटून राहिलो. पुढे मजुरांच्या सगळ्या टोल्यात, वस्तीभर, तेच पसरलं, आणि मी पसरू दिलं.

यशोदा दिवाळीपर्यंत कामावर येत राहिली. मग अंथरुणाला खिळली आणि थंडी सरायच्या आत गेली. कायदा लागला असता तर वाचली असती का, मला माहीत नाही. औषध मिळालं असतं, हे मला नक्की माहीत होतं.

तेरवीला तिचा नवरा, लक्ष्मण, स्वतः बोलवायला आला. सगळी भावकी माझ्यासाठी जेवायला बसायची खोळंबली होती. त्यानं माझा हात धरून मला पंगतीत पहिल्या पाटावर नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्या बायकोसाठी कोर्टात उभा राह्यला तो एकच माणूस. पहिलं पान त्याचं."

मी बसलो. वरण-भात होता, वडे होते. मी जेवलो, आणि लक्ष्मणानं आग्रह केला तेव्हा भात पुन्हा घेतला.