खिडकीतल्या उजेडाचा दावा

कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त होताना मी तिथला एक कागदही घरी आणला नाही. किस्से मात्र पोच न देताच मागोमाग आले! त्यातल्या एका खिडकीच्या दाव्यावर आमच्या संध्याकाळच्या गप्पा अजून रंगतात.

दावा रहाटणीचा. सुलाबाई ब्लाउज शिवायच्या. त्यांच्या खिडकीसमोर शेजारच्या तात्यांनी भाड्याच्या खोल्यांसाठी उंच भिंत चढवली. भरदिवसा सुईत दोरा ओवता येईना, गिऱ्हाइकं तुटू लागली. बाई कोर्टात आल्या.

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, आमी भित बांधली, सूर्य न्हाई अडवला. त्यो पयल्यासारखाच वरनं जातोय!"

*

उजेडावर हक्क सांगायचा तर तो वीस वर्षं येत होता, हे सिद्ध करावं लागतं. सुलाबाईंनी खोलीत खिडकीसमोर टांगलेला सासूबाईंचा फोटो आणला. उन्हाने अर्धा चेहरा पांढराफटक.

"हे बावीस वर्षांचं ऊन आहे बघा."

तात्यांच्या वकिलांनी विचारलं, "या तुमच्या सासूबाईच कशावरून?"

"उरलेल्या अर्ध्या तोंडाकडं बघा की. अजून रागातच आहेत!"

मी सासूबाईंवर पुराव्याचा निशाणी क्रमांक टाकला.

*

पाहणीला कोर्टाने नेमलेले कमिशनर गेले त्या दिवशी आभाळ काळंकुट्ट. खोलीत मात्र लख्ख! तात्यांनी सकाळीच भिंतीवर खिडकीच्या रोखाने हॅलोजनचा दिवा ठोकला होता. अहवालात आलं, 'खोलीत भरपूर उजेड.'

सुलाबाईंनी हॅलोजनची हकीकत सांगितली. न्यायाधीशांनी अहवाल पुन्हा वाचला. "ठीक. निकाल लागेपर्यंत रोज सकाळी सात ते संध्याकाळी सहा उजेड असाच ठेवा."

"पन साहेब, त्यो तर..."

"असाच!"

तेव्हापासून रहाटणीत सूर्य उगवायचं काम तात्यांकडे आलं.

*

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. शुक्रवारी सुलाबाईंचा अर्ज हजर: 'काल प्रतिवादीने सूर्य लावला नाही. लग्नाचे चार ब्लाउज अडले.'

*

शेवटची साक्षीदार म्हणून तात्यांनी स्वतःच्या बायकोलाच आणलं. वकील खुशीत होते.

"काकू, सुलाबाईंच्या घरात दिवसभर उजेड असतो?"

"आसतो की! चांगला लख्ख."

"तुम्ही स्वतः पाहिलात?"

"रोज तितंच ह्यांच्या दिव्याच्या उजेडात बसून तांदूळ निवडते. ह्यांच्या भितीनं आमच्या सैपाकघरात खडा कंचा न् तांदूळ कंचा, कळत न्हाई."

वकील खाली बसले. तात्या पंख्याकडे पाहू लागले.

काकू पिंजऱ्यातच उभ्या. "साहेब, भित पाडायला कवा येताय? आदी कळवा, म्हंजी भांडी झाकून ठिवते!"