खिशातली गारंबी

उद्या प्रलय आला, भूगावातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीला पाणी लागलं, तरी वरच्या मजल्यावरचे काका टाकीवर चढून बसतील, "परिणाम स्थानिक व तात्पुरत्या स्वरूपाचा" असं लिहितील आणि खाली सही ठोकतील. काकांचा धंदाच तो आहे. कुठे खाण, कुठे रस्ता, कुठे विजेच्या मनोऱ्यांची लाइन निघाली की कंपनीला पर्यावरणाचा अहवाल लागतो, आणि तो लिहून देणारे सल्लागार म्हणजे आमचे काका. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या माणसाने जन्मभर सर्वांत जास्त वापरलेला शब्द कुठल्या झाडाचं नाव नाही. तो शब्द आहे 'नगण्य'. घरातही सुटका नाही. काकूंच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं, तर काका म्हणतात, "परिणाम जाणवतो, पण जास्तीच्या भाताने शमन शक्य आहे." आमच्या वॉचमनच्या पोटरीला कुत्रं चावलं तेव्हा ते वाकून जखम बघत म्हणाले, "बाधित क्षेत्र मर्यादित आहे." वॉचमन परभणीकडचा. तो म्हणाला, "साहेब, क्षेत्र माझं हाय ना."

काकांची पाहणी गाडीतून होते. काच वर, एसी चालू, गळ्यात दुर्बीण, मांडीवर डबा. पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, आणि ते पांढरेच राहतात यातच काय ते समजा. जळवा, काटे, गवत, गुरं आणि गावकरी या पाच गोष्टींचं त्यांना वावडं आहे. डोंगर ते रस्त्यावरून बघतात आणि रस्त्यावरून जंगल जसं दिसतं तसं, म्हणजे झुडपी, लिहितात. पण याच माणसाने आमच्या पार्किंगमधल्या एका बकुळीसाठी अख्ख्या सोसायटीशी वैर घेतलंय. टँकर आत यायला फांदी आडवी येते म्हणून अध्यक्षांनी कोयतेवाला बोलावला, तर काका लुंगीवर खाली धावत आले आणि झाडाला पाठ लावून उभे राहिले. टँकर आजही बाहेर थांबतो आणि आम्ही पाइप ओढत आणतो. डोंगर गेला तरी चालेल, बकुळ जाता कामा नये. मी पत्रकं काढते, मोर्चे काढते, म्हणून ते मला नावाने हाक मारत नाहीत. जिन्यात दिसले की म्हणतात, "काय आंदोलन, आज कुणाचा निषेध?"

गेल्या वर्षी तो निषेध त्यांचाच निघाला. कोळवणच्या खोऱ्यात माझ्या आत्याची वाडी आहे. वाडीच्या डोक्यावर देवराई आणि राईच्या पायथ्याला झरा. चैत्रात विहिरी तळाला गेल्या की वाडी त्याच झऱ्यावर जगते. आत्या साध्या शब्दांत सांगते, "राई हाय म्हून पानी हाय. राई गेली की मंग आमी कुटं जायाचं, टँकरच्या मागं?" तर विजेची नवी लाइन नेमकी त्या राईवरून आखली होती. तारांखालची सगळी झाडं उतरवायची होती, आणि अहवालात राईबद्दल एकच ओळ होती: "झुडपी जमीन, मानवी वापर नगण्य." लिहिणारे कोण, ते मी शब्दावरूनच ओळखलं. त्याच दिवशी पत्रक काढलं, 'अहवालकर्त्यांनो, आधी गाडीतून उतरा', आणि पहिली प्रत काकांच्या दाराखालून सरकवली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दाराखालून परत आली. समासात लाल शाईने शेरा होता: "भाषा भावनिक. आधार नाही."

पण सरकारी कार्यालयाने जागेवरचे फोटो मागितले आणि काकांना उतरावंच लागलं. राईच्या तोंडाशी आत्या उभी होती, तिच्या शेजारी मी. "साहेब, बूट हितं काढा." काकांनी दगडावर आधी रुमाल अंथरला, त्यावर बूट ठेवले आणि मोजेसुद्धा घडी घालून आत ठेवले. मग अनवाणी, तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखे, ते आत शिरले. आत शिरल्यावर मात्र थांबले. वर बघत राहिले. झाडांची नावं पुटपुटायला लागले, लॅटिनमध्ये, स्तोत्र म्हणावं तशी. आडव्या पसरलेल्या गारंबीच्या वेलाला, माणसाच्या मांडीएवढ्या जाड, त्यांनी दोन्ही हात लावले. फोटो काढायचे राहिले, ते शेवटी मी काढले. बाहेर पडताना आत्याने पुन्हा अडवलं. राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा वाडीचा नेम. निघताना प्रत्येकाने कपडे झाडायचे, खिसे उलटे करायचे. "खिसं झाडा, साहेब. हितलं हितंच ऱ्हातं." काकांनी खिसे झाडले. दोन पानं पडली, एक चतकोर साल पडली. त्यांनी चोरी पकडली गेल्यासारखं हसून घेतलं आणि गाडीत बसले.

पुढचा आठवडा इमारतीने पाहिला. येतानाच पिरंगुटला गाडीचं चाक बसलं. मग लिफ्ट अडकली, आत एकटे काका. मग रव्याचा लाडू खाताना दाढ तुटली, आणि काकूंचे लाडू मऊ असतात, हे मी शपथेवर सांगेन. रविवारी सकाळी काका माझ्या दारात उभे. मूठ पुढे केली, उघडली. तळहातावर गारंबीची बी, तपकिरी, गुळगुळीत, खिशातल्या घड्याळाएवढी.

"दुर्बिणीच्या पिशवीच्या खिशात राहिली," ते म्हणाले.

"राहिली?"

"ठेवली. नमुना म्हणून. परत नेऊन ठेवू या."

"काका, तुम्ही देव मानत नाही ना?"

"मुळीच नाही. पण खबरदारीचं तत्त्व म्हणून एक असतं. परिणाम नक्की माहीत नसेल तर हात आखडता घ्यावा."

माझं डोकंच फिरलं. हेच तत्त्व मी पत्रकात लिहिलं तर ते भावनिक, आणि यांची दाढ तुटली की शास्त्रीय. "एका बीला एवढी खबरदारी," मी म्हणाले, "आणि अख्खी राई नगण्य?" काकांनी मूठ मिटली. गाडी दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही एसटीने पौडला गेलो आणि तिथून जीपमध्ये कोंबून वाडीवर. वाटभर ते मूठ मिटून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय वो मुठीत?" तर म्हणाले, "जबाबदारी आहे." आत्याने बी घेतली, राईत नेऊन टाचेने मातीत दाबली आणि काकांना म्हणाली, "लहान पोरागत केलंत बगा. या, चा घ्या." झऱ्याच्या पाण्याचा तो चहा काकांनी बशीत ओतून, फुंकर न घालता प्यायला.

मग गावाच्या समाजमंदिरात सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, राईवर परिणाम काय होईल? काका उठले, घसा साफ केला, म्हणाले, "परिणाम..." आणि थांबले. समोर जमिनीवर आत्या बसली होती, पदर डोक्यावर, नजर त्यांच्यावर. कंपनीचे साहेब पुढचा शब्द ओठांत धरून बसले होते. काका म्हणाले, "ही झुडपी जमीन नाही. मी लिहिलं ते चुकलं. लाइन खालच्या माळावरून नेता येईल. महाग पडेल, पण नेता येईल."

वाडीने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. मी विरोध केला आणि अजूनही करते. इतकी वर्षं ज्या डोंगरांवर ते नगण्य लिहीत आले, तिथल्या बिया परत न्यायला कुणी एसटीत बसलं नाही. एका खोऱ्यात दाढ दुखली म्हणून माणूस संत होत नाही. आत्या माझ्यावर चिडली. "पोरी, आलाय तर येऊ दे की मानूस. दारातच का हिशेब मागतीस?"

निकाल अजून लागलेला नाही. कंपनीने दुसरा सल्लागार आणलाय, तरुण आहे, तो गाडीतूनही येत नाही, वरून ड्रोन सोडतो. काकांकडे आता अहवाल येत नाहीत. ते गॅलरीत बसून बकुळीकडे बघतात, आणि पांढरे बूट कठड्यावर वाळत असतात, तळाला लाल माती. ती कुठली, मी विचारत नाही.

परवा मी वाडीवरून परत आले तर काका जिन्यात भेटले. "काय आंदोलन, झरा चालू आहे ना?"

"आहे. धार बारीक झालीय यंदा."

"किती बारीक?"

मी करंगळी दाखवली. काका तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, शब्द शोधत असावेत, पण आला नाही. कठड्याला धरून ते सावकाश वर निघून गेले. नगण्य म्हणाले असते, तर निदान भांडता तरी आलं असतं.