माझं कातडं आणि मीनाचं मौन

मीना गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेत डाळिंबाच्या गुट्या बांधत होते. मीना माझी भाची, पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करायची. आठ दिवस तापाचं निमित्त झालं आणि गेली. रडले तर मी खूपच, पण रडता रडता मनात काय आलं सांगू? आता मला कोण सांगणार, तिनं माझ्या कातड्याचं काय केलं ते... लिहायला लाज वाटते. पण दोन वर्षं तो संशय उरात घेऊन हिंडले, तो वगळून तिच्याबद्दल लिहायचं तरी काय?

लहानपणी सुट्टीला ती इंदापूरला माझ्याकडं यायची. तिला मी गुटी बांधायला शिकवली. फांदीवरची बोटभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकनं आवळायचं, म्हणजे फांदी तिथं मुळं सोडते. तिच्या पहिल्या सगळ्या गुट्या फसल्या. सालीखालचा बुळबुळीत थर तिनं खरवडलाच नव्हता. साल पुन्हा जुळली, न् फांदी फांदीच राहिली. पोरगी रुसून म्हणाली, "मावशी, आपण फांदी हाय हे हिला इसरता येत न्हाय का गं?"

पुढं माणसाच्या पेशींचं तिनं तेच काम धरलं. मला समजावून सांगायची, की कातडीच्या एवढ्याशा पेशीतही अख्ख्या देहाची माहिती असते, फक्त कातडीला नको ती पानं कुलूपबंद असतात. कुलपं उघडली तर पेशी पुन्हा कोवळी होते, मग तिच्यातून हवं ते घडवता येतं. पण कुलपं महाहट्टी. कशीबशी वळलेली पेशीसुद्धा मधूनच जुनं आठवते. "चाळीस वर्षं सासरी काढून आईच्या आमटीला अजून माहेरचीच चव हाय ना, तसं," असं म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी ती संमतीचा एक कागद घेऊन आली.

"मावशी, दंडावरचं मसुराएवढं कातडं देशील?"

"माझंच का? पुण्यातली माणसं संपली व्हय?"

"म्हातारं पायजे."

"मग तुझ्या आईचं घे की."

"ती सुई बघून पळंल. तू कुणाला भीत न्हाईस."

कागद मी तिला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. पेशी कधीही नष्ट करायला सांगता येतील, असं त्यात होतं. मग पुण्याला जाऊन कातडं दिलं. आणि तिथून पुढं ही बाई गप्पच! विचारलं की "चाललंय", नाहीतर "यंदा बहार कसा धरलाय?" मी काय दूधखुळी आहे? मला वाटलं, काहीतरी रोग सापडलाय. मग वाटलं, परदेशात विकलं असणार. बहिणीलाही सांगून टाकलं, तुझी लेक लपवालपवी करते म्हणून. शेवटी बारामतीच्या स्टँडवर तिला धरलं. "खरं सांग, इकलंस का?"

"मावशी, तुला असं वाटतं?" एवढं म्हणाली न् बस लागली, ती चढली... तीच आमची शेवटची भेट.

मीना गेल्यावर महिन्याभरानं तिच्याबरोबर काम करणारी रेहाना तोच कागद घेऊन आली. गोठवलेल्या माझ्या पेशी ठेवायच्या की नष्ट करायच्या, ते मी लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, "आधी काय झालं ते सांग. मग सही."

"वळल्याच नाहीत, मावशी. बाकीच्यांच्या थोड्या तरी वळल्या, तुमची एकही नाही. मीनाताईंनी कितीदा नव्यानं सुरुवात केली."

"मग एवढं सांगायला तिची जीभ झडत होती?"

रेहाना पदराच्या पिनेशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई म्हणायच्या, माझ्या मावशीला मी कुठल्या तोंडानं सांगू, तुझ्यातून काही उगवत नाही म्हणून?"

मला मूल नाही. त्यावरून गावानं मला काय काय ऐकवलं, हे मीनाला तिच्या आईनं सांगितलेलं. मी मात्र तिला स्टँडवर, चार माणसांत, चोर ठरवून आले होते.

आणि तरी बघा माझा स्वभाव, रेहानाला म्हटलं, "सांगितलंस ते ऐकलं. आता दाखव."

पुढच्या आठवड्यात पुण्याला गेले. रेहानानं माझ्या थोड्या पेशी वाढवून काचेखाली ठेवल्या होत्या. मीना जिथं बसायची त्या स्टुलावर बसून मी दोन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर वाकले, तर दोन वेगळे गोल दिसले, मधे अंधार.

"थांबा, नळ्या जवळ घेते," रेहाना म्हणाली. "त्या मीनाताईंच्या डोळ्यांच्या अंतरावर आहेत. त्यांच्यानंतर इथं कुणी बसलं नाही."

मी तिचा हात धरला. "राहू दे."

एक डोळा मिटला न् दुसऱ्यानं पाहिलं. लांबट, टोकदार, एकमेकींना बिलगून पडलेल्या... कातडीच्या कातडीच. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग कागदावर 'ठेवाव्यात' पुढं खूण केली, सही केली.

"उद्या कुणी बसंल, त्याच्या डोळ्यांपरमाणं नळ्या हलवंल, ते मी अडवणार न्हाय," रेहानाला म्हटलं. "पर आजच्या दिवस नको."