आर्लीनने तशीच सोडलेली नोंद

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या त्या कार्यालयात आर्लीन टेसमर एकतीस वर्षं एकच काम करत होती. कुठल्या मालकाने आपल्या कामगारांच्या अपघाताचा विमा कुठल्या कंपनीकडे, कधीपासून कधीपर्यंत उतरवलाय, त्याच्या नोंदी सांभाळायच्या. विम्याचे दर ठरवणारी मंडळी वरच्या मजल्यावर मिरवायची आणि नोंदीवाल्या बायका तळमजल्यावर. पण राज्यात कुठे माणूस शिडीवरून पडला, की पहिला प्रश्न खालीच यायचा, "त्या दिवशी विमा होता का?" आणि वर्षानुवर्षं सगळे एकच सांगायचे, आर्लीनला विचारा.

मग दोन वर्षांपूर्वी केंड्रा लीबल आली. पोरगी हसरी, हाताला चपळ. विमा कंपन्यांचे लोक आता फोनवर विचारू लागले, "केंड्रा आहे का?" केंड्रा समोर बसलेली असली तरी आर्लीन सांगायची, "जेवायला गेलीय." सकाळी नऊ वाजतासुद्धा.

साहेब डेलमर ऑस्ट्राइख निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, हे शुक्रवारच्या बैठकीत कळणार होतं. आर्लीनला ती खुर्ची हवी होती. खरं सांगायचं तर केंड्राला मिळायला नको होती.

मंगळवारी सकाळी आर्लीनने शेबॉयगन गावच्या, छपरं बसवणाऱ्या एका मालकाची नोंद उघडली आणि तिचे डोळे चमकले. त्या मालकाने जुलैत विमा कंपनी बदलली होती. जुन्या कंपनीने आपली पॉलिसी रद्द झाल्याची सूचना पाठवली होती आणि केंड्राने ती चिकटवली होती नव्या पॉलिसीला. म्हणजे कागदोपत्री बावीस कामगार विम्याविना उघडे. ही चूक त्या खोलीतल्या प्रत्येकीने कधी ना कधी केली होती. म्हणून रीतच होती, जिला चूक दिसेल तिने ती दुरुस्त करायची आणि करणारीच्या टेबलावर पिवळी चिठ्ठी ठेवायची. मग करणारीने सगळ्यांना डोनट आणायचे. दोन मिनिटांचं काम.

आर्लीनने चिठ्ठी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. शुक्रवारी महिन्याच्या चुका साहेब स्वतः वाचतात. वाचू देत की! तिने नोंद मिटली. त्या दिवशी तिला जेवण फार गोड लागलं.

गुरुवारी केंड्राचा फोन वाजला. पलीकडची बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की आर्लीनला शब्दन् शब्द ऐकू आला. "माझा नवरा सोमवारी छपरावरून पडला हो. काल गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मंगळवारी दुपारी म्हणतात, विमाच रद्द झालाय, थांबा!"

केंड्राने नोंद उघडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाई, चूक माझी आहे," तिने सरळ सांगून टाकलं. नोंद दुरुस्त केली, मग विमा कंपनी, मग हॉस्पिटल, सगळीकडे स्वतः फोन केले. आर्लीन मान खाली घालून कागद लावत राहिली.

शुक्रवारी डेलमरनी चष्मा पुसला. "केंड्रा, चूक तुझी. पण ही नोंद मंगळवारी सव्वादहाला उघडलेली दिसतेय. आर्लीन, तुझं नाव आहे."



"मीच तिला बघायला सांगितलं होतं," केंड्रा म्हणाली. "तेवढ्यात तिला फोनवर फोन. राहून गेलं बिचारीचं."

डेलमरनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. शेवटी खुर्ची आर्लीनला मिळाली. पहिली टाळी केंड्राने वाजवली.

जिन्यात आर्लीनने तिला गाठलं. "खोटं का बोललीस गं?"

"एकतीस वर्षं काढलीस तू इथे. अशी बदनाम होऊन जाऊ नयेस, म्हणून." केंड्राने एक कागद तिच्या हातात ठेवला. त्यावर फोन नंबर होता. "मी त्या बाईची माफी मागितली. आता तू माग."

आर्लीनचा जीव जळला. खुर्ची मिळाली होती, तरी जळला. चांगुलपणासुद्धा मेला हिलाच सुचावा!

तरी टेबलाशी येऊन तिने नंबर फिरवला.

"आज सकाळी झालं हो ऑपरेशन," ती बाई रडत हसत म्हणाली. "तुम्ही लोकांनी किती धावपळ केलीत! देव तुमचं भलं करो."

एवढ्यावर फोन ठेवता आला असता.

"मी काही केलं नाही," आर्लीन म्हणाली. "ती चूक मला मंगळवारी सकाळीच दिसली होती."



"मंगळवारी?" बाईने विचारलं. "मग?"